सर्दी बरी झाली, मग महिन्याने हा ताप कसला?

पोराला ताप आला की आपण डॉक्टरांना ताप कधीपासून आहे ते सांगतो, जेवतोय की नाही ते सांगतो, मेडिकलमधून आणलेल्या गोळीचं पाकीटही दाखवतो. त्याआधीच्या महिना-दीड महिन्यात घरात कुणाला सर्दी-खोकला झाला होता का, हे मात्र कुणी आपणहून सांगत नाही. सांगावं असं वाटतच नाही. आलं, गेलं, आता त्याचं काय? पण लहान मुलांच्या एका आजारात नेमकी तीच गोष्ट डॉक्टरांना सगळ्यात आधी कळायला हवी असते.

दुसऱ्या लाटेची आठवण करा. राज्यात इतर ठिकाणी कोरोना ओसरल्यासारखा वाटत असताना अमरावती, अकोला, यवतमाळकडे फेब्रुवारी २०२१ मध्येच तो पुन्हा चढायला लागला होता. मोठी माणसं आडवी झाली. पोरं बहुतेक ठणठणीत होती, फार तर दोन दिवस नाक वाहिलं. मग लाट उतरत असताना दवाखान्यांत वेगळीच मुलं येऊ लागली. चार-पाच दिवसांचा कडक ताप, लाल डोळे, पोटात असह्य दुखणं, काहींचं ब्लड प्रेशर एकदम खाली गेलेलं. कोरोनाची नाकातली तपासणी बहुतेकांची निगेटिव्ह यायची. रक्तात मात्र कोरोना होऊन गेल्याची खूण, म्हणजे अँटीबॉडी, सापडायची.

याला मल्टीसिस्टिम इन्फ्लमेटरी सिंड्रोम इन चिल्ड्रन म्हणतात, थोडक्यात एमआयएस-सी. एप्रिल २०२० मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या तो पहिल्यांदा लक्षात आला, त्याच सुमारास इटलीतही दिसला, आणि त्याच वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने त्याची व्याख्या ठरवून दिली. विषाणूची लागण होऊन गेल्यावर साधारण दोन ते सहा आठवड्यांनी तो डोकं वर काढतो.

शरीरात विषाणू शिरला की आपल्या रोगप्रतिकारक पेशी त्याला ओळखतात, मारतात, आणि एकमेकींना हाक देण्यासाठी रक्तात काही रसायनं सोडतात. ताप येतो, अंग दुखतं, घसा लाल होतो ते या रसायनांमुळे. हाच दाह. तेवढ्यापुरता तो आपल्या कामाचाच असतो आणि विषाणू संपला की शमतो. हजारो मुलांमागे एखाद्याच्या शरीरात तो काही आठवड्यांनी पुन्हा उसळतो, आणि या वेळी मारायला विषाणू जवळपास उरलेलाच नसतो.

हरभऱ्यात रानडुकरं शिरतात म्हणून रात्री जागलीला गेलेला माणूस डोळ्यांसमोर आणा. कळप आला, त्याने काठी चालवली, कळप पळाला. पण अंधारात काठी थांबलीच नाही, आणि धुऱ्याशी बांधलेलं घरचं वासरू डुक्कर समजून झोडपलं गेलं. या आजारात काहीसं असंच होतं. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की एमआयएस-सी झालेल्या सुमारे एक तृतीयांश मुलांत अशीच गफलत झालेली होती: कोरोना विषाणूच्या एका प्रथिनाचा तुकडा आणि आपल्या पेशींमधल्या एका प्रथिनाचा तुकडा इतके सारखे आहेत की पहिल्यावर धार लावलेली प्रतिकारशक्ती दुसऱ्यावरही धावून जाते. बाकीच्या मुलांत आणखी वेगळी कारणं असणार, त्यांचा शोध चालू आहे.

या माऱ्याचा मोठा फटका बसतो तो रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला. ते अस्तर सुजलं की त्यातून पाणी झिरपून बाहेर जातं, वाहिन्या सैल पडतात, रक्तदाब घसरतो. रक्तवाहिन्या तर अंगभर. म्हणूनच एकाच पोराचं पोट दुखतं, डोळे लाल होतात, अंगावर पुरळ येतं आणि हृदयही थकतं. आईबापाला ही चार वेगळी दुखणी वाटतात. पोटासाठी एक डॉक्टर, डोळ्यांत टाकायला मेडिकलवाल्याकडचे थेंब, पुरळासाठी मलम, असं करण्यात दिवस जातात.

आता एक उदाहरण घेऊ. दर्यापूरकडच्या एखाद्या गावातला आठ वर्षांचा मुलगा आहे, नवरात्राचे दिवस आहेत, आणि ग्रामीण रुग्णालयात त्याची आई सांगते आहे:

"साहेब, चार दिवस झाले, ताप उतरूनच नाही राह्यला. औषध देलं का घंटाभर उतरते अन् परत चढते. पोट लय दुखते म्हणते. उलट्याही झाल्या."

डॉक्टर विचारतात, मागच्या दीड-दोन महिन्यांत घरात कुणाला ताप, खोकला? आई म्हणते, "नाही जी." तेवढ्यात मागे उभी असलेली आजी बोलते, "काहून नाही? पोयाच्या आधी तुह्या भासऱ्याले नोता का खोकला? आठ दिवस खाटीवर होता. ह्याचंही नाक वाह्यलं दोन दिवस."

आजीच्या या दोन वाक्यांनी पुढचा रस्ता बदलतो. आता डॉक्टर पोर अपेंडिक्सचं आहे की टायफॉइडचं एवढ्यावर थांबणार नाहीत. ते पापणी खाली ओढून बघतील. डोळा लाल आहे, पण पू नाही, चिपडं नाहीत. म्हणजे ही नेहमीची डोळ्यांची साथ दिसत नाही. ओठ लाल आणि चिरलेले आहेत का, जीभ लालभडक होऊन तिच्यावर दाणे उठलेत का, तळहात-तळपाय सुजलेत का, ते पाहतील. मग बोटाचं नख दाबून धरतील आणि सोडतील. पांढरं पडलेलं नख एक-दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला पाहिजे. त्याला तीन सेकंदांहून जास्त लागले आणि हातपाय गार लागत असतील, तर रक्त अंगाच्या टोकापर्यंत नीट पोचत नाही. हे नख दाबून बघणं घरीही जमण्यासारखं आहे आणि त्याला पैसा लागत नाही.

ताप तीन दिवस टिकला आणि त्याच्यासोबत लाल डोळे, पुरळ, पोटदुखी-उलट्या-जुलाब, सुजलेले हातपाय यांतलं काहीही दोन असेल, तर चौथ्या दिवसाची वाट न बघता पोराला एमबीबीएस डॉक्टरांकडे न्यायचं, शक्य तर मुलांच्या डॉक्टरांकडे. पोर सुस्त पडून आहे, उठवलं तरी नीट उठत नाही, श्वास जोरात चाललाय, हातपाय थंड आहेत, सहा-आठ तासांत लघवी झाली नाही, यांतलं एक जरी दिसलं तरी दिवस मोजायचे नाहीत, १०८ ला फोन करायचा. सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, असलेल्या पोराला तर तीन दिवसांचा हिशेब लागूच नाही. आपल्याकडे सिकलसेलची कुटुंबं पुष्कळ आहेत, म्हणून हे वेगळं सांगतो: त्या पोराला ताप आला की त्याच दिवशी डॉक्टर.

घरचे उपाय करणाऱ्या माणसांवर मला राग नाही, ती लेकराच्या काळजीनेच करतात. अंगावर पुरळ उठलं की बाई आली, म्हणजे देवीचा कोप झाला, असं समजून निंबाचा पाला अंथरतात. पाल्याने नुकसान काही होत नाही, फक्त दोन-तीन दिवस जातात, आणि या आजारात तेच दिवस मोलाचे असतात. मेळघाटात पोट फुगलं की काही ठिकाणी अजून डंबा देतात, तापलेल्या लोखंडाने पोटावर डागतात. ते मात्र हात जोडून सांगतो, करू नका. आधीच आजारी पोराच्या अंगावर त्याने नवी जखम होते. आणि एका इंजेक्शनात ताप पाडून देणाऱ्यांपासूनही जपा. त्या सुईत बरेचदा स्टिरॉइड असतं. दाहावर स्टिरॉइड चालतं हे खरं, पण एक-दोन डोस देऊन ताप तात्पुरता झाकला की खरा आजार कोणता ते पुढच्या डॉक्टरांना ओळखता येत नाही.

ओळखणं तसंही सोपं नाही, आणि विदर्भात तर मुळीच नाही. पोळ्यापासून दिवाळीपर्यंत आपल्याकडे तापाचे सगळे आजार एकत्रच येतात. डेंग्यूत ताप, पुरळ, पोटदुखी, कमी झालेल्या प्लेटलेट, घसरलेला रक्तदाब हे सगळं असतं. एमआयएस-सीतही हे सगळं असू शकतं. फरक काळात आहे: डेंग्यूत पोर गळून पडतं ते बहुधा ताप उतरायच्या सुमाराला, चौथ्या ते सहाव्या दिवशी, एमआयएस-सीत ताप भरात असतानाच रक्तदाब कोसळतो. उपचारातला फरक त्याहून मोठा आहे. डेंग्यूच्या शॉकमध्ये सलाईन हा जीव वाचवणारा उपाय. एमआयएस-सीत हृदयाचा स्नायूच थकलेला असू शकतो, आणि अशा हृदयावर बाटल्यांमागून बाटल्या चढवल्या की ते पाणी फुप्फुसात साचतं. म्हणून "सलाईन लावा, अशक्तपणा आलाय" हा हट्ट डॉक्टरांपाशी धरू नये.

स्क्रब टायफस हाही तसाच फसवा. गवतातल्या, झुडपांतल्या बारीक माइटच्या अळ्या चावल्याने होणारा हा ताप २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपास बराच पसरला होता. काखेत, जांघेत, कानामागे सिगारेटने भाजल्यासारखी काळी खपली सापडली तर निदान जवळपास पक्कं, पण ती शोधावी लागते, पोराचे कपडे काढून. आणि ते डॉक्सिसायक्लिन या स्वस्त औषधाने झपाट्याने बरं होतं. म्हणून बरेच डॉक्टर शंका असेल तर तपासण्या येईपर्यंत ते सुरूच करतात, आणि ते बरोबर आहे. गडचिरोली-गोंदियाकडे मलेरियाची तपासणी कधीच वगळायची नाही. चांदीपुरा विषाणूचं नाव १९६५ मध्ये आपल्याच नागपूर जिल्ह्यातल्या गावावरून पडलं, त्याचीही लोकांना भीती वाटते. पण तो विषाणूचा थेट मेंदूवरचा हल्ला आहे, ताप आल्यावर एक-दोन दिवसांतच झटके आणि बेशुद्धी येते. महिन्याभराच्या अंतराने येणाऱ्या आजाराशी त्याचा संबंध नाही.

हे सगळे आजार वेगळे काढायला तपासण्या लागतात. सीआरपी ही दाह किती आहे ते सांगणारी रक्ततपासणी, ती तालुक्यालाही होते. सीआरपी खूप वाढलेली, पांढऱ्या पेशींतल्या लिम्फोसाइट कमी, फेरिटिन (दाहात वाढणारं प्रथिन) आणि डी-डायमर (रक्तात गुठळ्या होत असल्याची खूण) वाढलेले, अशी जोडी दिसली की संशय बळावतो. शेवटी हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, करावीच लागते. हृदय किती जोराने आकुंचन पावतंय आणि त्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या फुगल्यात का, हे तिच्यात दिसतं. पोर वरवर बरं दिसत असलं तरी इको टाळायची नाही.

इथे अंतराचा प्रश्न येतो. धारणीहून अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर, भामरागडहून गडचिरोली त्याहून लांब. पोराला हलवायचं ठरलं तर निघण्याआधी डॉक्टरांनाच विचारून घ्या: जिथे पाठवताय तिथे मुलांचं आयसीयू आहे का, मुलांची इको होते का? नसेल तर एका दवाखान्यातून दुसऱ्यात जाण्यात रात्र जाते. नागपूरचं मेडिकल, मेयो, एम्स, वर्ध्याजवळचं सेवाग्राम, ही नावं त्यासाठी लक्षात असू द्या. चिठ्ठीवर ताप सुरू झाल्याची तारीख, दिलेली औषधं आणि घरातल्या आधीच्या आजारपणाची ओळ लिहून मागा. जन आरोग्य योजनेत असलेल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन पहिल्याच दिवशी त्याला भेटा.

उपचारात दोन औषधांची नावं कानावर पडतील. एक आयव्हीआयजी. हजारो रक्तदात्यांच्या रक्तातून वेगळ्या काढलेल्या प्रतिपिंडांचं, म्हणजे अँटीबॉडींचं, हे द्रावण असतं, आणि ते दाह शांत करतं. वजनाच्या प्रत्येक किलोला २ ग्रॅम, म्हणजे २० किलोच्या पोराला ४० ग्रॅम, पाच-पाच ग्रॅमच्या आठ बाटल्या. एकेक बाटली हजारो रुपयांची. दुसरं स्टिरॉइड, अगदी स्वस्त. २०२१ मध्ये ३२ देशांतल्या सहाशेहून अधिक मुलांची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हा नुसतं स्टिरॉइड मिळालेली मुलं आणि आयव्हीआयजी मिळालेली मुलं यांच्या बरं होण्यात ठळक फरक सापडला नाही. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनेही दवाखान्यात दाखल असलेल्या अशा मुलांसाठी स्टिरॉइड वापरण्याची शिफारस केली. बैल विकून बाटल्या आणायला निघालेल्या बापाला हे माहीत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं. कोणत्या पोराला काय द्यायचं ते डॉक्टरच ठरवतील, पण "यात स्टिरॉइडने भागेल का?" हा प्रश्न विचारण्यात कमीपणा काही नाही.

वेळेत दाखल झालेली बहुसंख्य मुलं बरी होतात. अमेरिकेत नोंद झालेल्या ९,००० हून अधिक मुलांपैकी निम्मी ५ ते १३ वर्षांची होती आणि दगावणाऱ्यांचं प्रमाण शेकडा एकच्या आसपास होतं. अर्थात हा आकडा आयसीयू हाताशी असतानाचा आहे. थकलेलं हृदयही बहुतेकांत काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत पूर्ववत होतं. २०२२ पासून ओमायक्रॉनच्या काळात हा आजार खूपच कमी झाला.

मग आता हे सगळं कशाला सांगायचं? याचा भाऊ अजून घरोघरी हिंडतोय म्हणून. त्याचं नाव कावासाकी आजार. जपानमधले बालरोगतज्ज्ञ तोमिसाकु कावासाकी यांना १९६१ मध्ये असं पहिलं मूल दिसलं, आणि १९६७ मध्ये त्यांनी पन्नास मुलांची माहिती प्रसिद्ध केली. ते वारले जून २०२० मध्ये, त्यांच्या आजाराचं नवं भावंड जगभर दिसू लागलं होतं तेव्हाच. कावासाकीचं नेमकं कारण अजून हाती लागलेलं नाही. एखाद्या साध्या संसर्गाने काही मुलांची प्रतिकारशक्ती अशी बिथरते, असं मानलं जातं.

हा मुख्यतः पाच वर्षांखालच्यांचा आजार. पाच दिवस किंवा जास्त ताप, पू नसलेले लाल डोळे, लाल फुटलेले ओठ, पुरळ, सुजलेले हातपाय, मानेत एका बाजूला गाठ. आणि आपल्याकडच्या बाळांत दिसणारी एक खूण आयांना नक्की माहीत असावी: जन्मल्यावर डाव्या दंडावर बीसीजीची लस टोचतात, त्या जुन्या जागेवर अचानक लाली आणि टणकपणा येतो. सगळ्याच बाळांत येत नाही, पण तापात ती जागा लाल दिसली तर डॉक्टरांना बाही वर करून दाखवा.

कावासाकीतला मोठा धोका वेगळा आहे. औषध नाही दिलं तरी ताप साधारण दोन आठवड्यांत आपोआप जातो. बोटांच्या टोकांची कातडी सोलून निघते, पोर खेळायला लागतं, घरच्यांना सुटल्यासारखं वाटतं. पण उपचार न झालेल्या दर चार मुलांपैकी साधारण एकाच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांवर फुगे राहून जातात. वरून काहीच कळत नाही, आणि पुढे कधीतरी त्यात गुठळी अडकू शकते. तापाच्या पहिल्या दहा दिवसांत आयव्हीआयजी दिलं तर हा धोका शेकडा चार-पाचावर येतो. इथे मात्र त्या महागड्या बाटल्यांना तोड नाही. सहा महिन्यांखालच्या तान्ह्यात तर खुणा पुऱ्या दिसतच नाहीत. आठवडाभर ताप आणि कारण सापडत नाही, एवढ्यावरच सीआरपी आणि इकोचा विचार करावा लागतो.

डेंग्यू किंवा स्क्रब टायफसनंतरही कधीकधी दाह असाच हाताबाहेर जातो. ताप हटत नाही, यकृत आणि प्लीहा वाढते, तिन्ही प्रकारच्या रक्तपेशी घसरतात, फेरिटिन हजारोंत जातं. याला एचएलएच म्हणतात आणि त्याला मोठंच रुग्णालय लागतं. डेंग्यूचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून निर्धास्त न होता, सातव्या दिवसानंतरही ताप टिकला तर पुन्हा दाखवा.

दवाखान्यातून सुट्टी झाल्यावरही काही गोष्टी पाळाव्या लागतात. रक्त गोठू नये म्हणून कमी मात्रेत अ‍ॅस्पिरिन काही आठवडे चालतं. तेवढ्या काळात घरात किंवा शेजारी कुणाला कांजण्या किंवा फ्लू झाला तर लगेच डॉक्टरांना कळवायचं, कारण त्या दोन्हींत अ‍ॅस्पिरिन मुलांच्या मेंदू-यकृताला घातक ठरू शकतं. आणि हे औषध घरात उरलं म्हणून दुसऱ्या पोराच्या तापाला कधी द्यायचं नाही. तो ताप डेंग्यूचा निघाला तर रक्तस्राव होईल. स्टिरॉइड हळूहळू कमी करत बंद करतात, बरं वाटलं म्हणून एकदम सोडायचं नाही. इको ठरल्या तारखेला पुन्हा करायची, सोयाबीन काढणी असो की कापूस वेचणी. हृदयाला त्रास झाला असेल तर कबड्डी, पोहणं, धावण्याच्या शर्यती तीन ते सहा महिने बंद. ते शाळेतल्या गुरुजींनाही सांगून ठेवा, नाहीतर पीटीच्या तासाला पोर लाजेखातर धावतं.

आयव्हीआयजी दिलं असेल तर गोवर-रुबेला आणि कांजण्यांची लस ११ महिने पुढे ढकलावी लागते, कारण बाहेरून दिलेले प्रतिपिंड ती लस शरीरात रुजू देत नाहीत. पोलिओचे थेंब आणि बाकीच्या लसी ठरल्याप्रमाणे चालतात. पण अंगणवाडीत लसीकरणाच्या दिवशी आशाताईंच्या यादीत पोराचं नाव असतं आणि आपण दवाखान्यातल्या गडबडीत विसरलेलो असतो. म्हणून सुट्टी होतानाच डॉक्टरांकडून लसीच्या कार्डावर आयव्हीआयजी दिल्याची तारीख आणि ११ महिन्यांनंतरची तारीख लिहून घ्या, आणि गावी पोचल्यावर ते कार्ड आशाताईंना आणि सिस्टरना दाखवा.